घरपट्टीत गारवा कुठे लिहायचा?

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा तक्ता घराला मुख्यतः एकच प्रश्न विचारतो: तू कशाचं आहेस? सगळ्यात खालच्या पायरीवर झोपडी किंवा मातीची इमारत. तिच्यावर दगड-विटांची, पण मातीत रचलेली. मग चुना किंवा सिमेंट वापरून उभारलेली पक्की इमारत. आणि सगळ्यात वर आरसीसी, म्हणजे आपला स्लॅब. खालून वर जाल तसा दर वाढतो. दर मोजायचा तो घराच्या भांडवली मूल्याच्या प्रत्येक हजार रुपयांमागे, तोही पैशांमध्ये. किमान आणि कमाल दर राज्य सरकार ठरवतं. त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे थांबायचं ते ग्रामपंचायत ठरवते. दर चार वर्षांनी ही आकारणी नव्याने होते आणि ‘नमुना आठ’ नावाच्या नोंदवहीत उतरते. गावाकडे घर कुणाचं यावर वाद झाला की जो ‘आठ-अ चा उतारा’ किंवा ‘नमुना आठ’ शोधला जातो, त्यातला हा दुसरा.

पूर्वी हा कर चौरस फुटावर होता. ती पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही आणि ३१ डिसेंबर २०१५ ला नियम बदलून भांडवली मूल्य आलं. सूत्र सोपं आहे. घराचं क्षेत्रफळ, त्या जागेचा रेडी रेकनरमधला जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराचं वय बघून घसारा, राहण्यासाठी की धंद्यासाठी त्यानुसार भारांक. हे सगळं एकत्र केलं की मूल्य, त्याला दर लावला की कर.

माझं रोजचं काम अशी सूत्रं कोडमध्ये उतरवण्याचं आहे. त्यामुळे सूत्र दिसलं की मी आधी बघतो, आत काय काय जातं. जे आत जातच नाही त्याचा उत्तरावर परिणाम होणं शक्य नाही. या सूत्रात क्षेत्रफळ जातं, वय जातं, भिंत कशाची आणि छप्पर कशाचं ते जातं. मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या घरात माणूस बसू शकतो का, हे जात नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी हा कवितेचा प्रश्न नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं बाकी महाराष्ट्राला टीव्हीच्या तापमानाच्या पट्टीतूनच माहीत असतात. पंचेचाळीस-शेहेचाळीस अंश ही आमच्याकडे बातमी नसते, तो मे महिना असतो. अशा उन्हात सहा इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली, झोपलेल्या माणसांवर सोडतो. ज्यांनी त्याखाली रात्र काढली आहे त्यांना ‘पंखा गरम हवा फेकतो’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. उलट दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, कवेलूंच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा, समोर ओसरी, अंगणाला शेणाचा सडा. या घरात विजेशिवाय दुपार निघते. आतल्या काही घरांत तर कुडाच्या भिंती असतात: बांबूच्या कमच्यांचं विणकाम, दोन्ही बाजूंनी माती आणि शेणाचा लेप. बांबू जंगलातला, माती वावरातली किंवा तलावातली, हात घरचे. आजच्या भाषेत याला कमी ऊर्जेचं बांधकाम म्हणतात. आणि असं घर उभारायला शिकवणाऱ्या कार्यशाळेची फी भरून पुण्या-मुंबईची मुलं शनिवार-रविवारी माती तुडवायला जातात. मीही माझ्या टीमसोबत एकदा जाऊन आलोय. मजा आली.

केंद्र सरकारची घरांसाठी एक ऊर्जासंहिता आहे, इको निवास संहिता, २०१८. तिच्यात छपरातून किती उष्णता आत यावी याची कमाल मर्यादा ठरवलेली आहे. उघड्या, वर कसलंही आच्छादन नसलेल्या स्लॅबचा आकडा त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त येतो. म्हणजे आपल्या घरपट्टीच्या तक्त्यात जे सगळ्यात वरच्या पायरीवर आहे, ते या संहितेच्या परीक्षेत नापास. पण ही परीक्षा द्यायला भूखंड निदान ५०० चौरस मीटरचा हवा. लहान घरांना कुणी बसवतच नाही. लहान घर शासनाला दोनच ठिकाणी भेटतं, घरपट्टीत आणि घरकुलात.

आता कुणी म्हणेल, घरपट्टीमुळे लोक स्लॅब टाकतात किंवा टाकत नाहीत असं आहे का? अजिबात नाही. हिशोबच करून बघू. समजा तीस चौरस मीटरचं घर आहे, गावात जमिनीचा दर चौरस मीटरला ३०० रुपये आणि स्लॅबच्या बांधकामाचा १०,००० रुपये. मूल्य झालं ३ लाख ९ हजार. हजारी दीड रुपया दर धरला तर वर्षाला चारशे साठ-पासष्ट रुपये. त्याच मापाचं मातीचं घर, बांधकामाचा दर ३,००० धरला आणि हजारी ५० पैसे, तर पन्नास रुपयांच्या आत. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी वेगळी. आकडे मी कल्पिलेले आहेत, पण चित्र असंच असतं: नऊपट फरक, आणि तरीही वर्षाकाठी चारशे रुपयांचा. चारशे रुपये वाचावेत म्हणून कुणी मातीचं घर ठेवत नाही आणि चारशे रुपये भरावे लागतात म्हणून कुणी स्लॅब टाळत नाही.

लोक स्लॅब टाकतात त्याची कारणं वेगळी आणि खरी आहेत. सिंदेवाही तालुक्यातल्या माझ्या मामांनी ती मला एका वाक्यात सांगितली होती: “वांदरं कवेलू ठेवत नाहीत गा, आन् फेराले मानूस भेटत नाही.” वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पावसाळ्यात घरभर भांडी ठेवावी लागतात. दरवर्षी कवेलू फेरायचे तर ते करणारे हात आता हैदराबादला किंवा नागपूरला बांधकामावर गेलेले असतात, स्लॅबच्याच. वाळवी आहे, साप-विंचू आहेत, वाघ-बिबट्याच्या गावांत रात्री लोखंडी दार हवंसं वाटतं. आणि भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची, पोतेरा फिरवायचा हे काम घरातल्या बाईचं. मातीच्या घराच्या गारव्याबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्या माझ्यासारख्या पोरांपैकी कुणी दर पंधरा दिवसांनी सारवण घातलेलं नाही. मामीने चाळीस वर्षं घातलं. तिला फरशी हवी असेल तर त्यात तिचं चुकलं कुठे?

मग तक्त्याबद्दल लिहायचंच कशाला? कारण त्यातली रक्कम लहान असली तरी त्यातला शब्द लहान नाही.

‘मातीचं’ हा शब्द घरपट्टीच्या तक्त्यात दयेचा शब्द आहे. मातीचं घर म्हणजे गरीब माणूस, म्हणून कर कमी. हे वाईट नाही. कर भरण्याची ज्याची ऐपत कमी त्याच्याकडून कमी घ्यावं, यावर बहुतेक सगळ्या नीतिशास्त्रांचं एकमत होईल. अडचण अशी की ग्रामपंचायतीला तुमची ऐपत दिसत नाही, भिंत दिसते. म्हणून भिंतीवरून ऐपत ओळखायची.

इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडक्यांवर कर बसवला, तो याच विचाराने. श्रीमंतांच्या घराला खिडक्या जास्त असतात आणि त्या रस्त्यावरून मोजता येतात, कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. कर १८५१ पर्यंत चालू राहिला आणि दीडशे वर्षं कित्येक घरं, विशेषतः शहरातल्या भाड्याच्या खोल्या, उजेड आणि वारा यांच्यावाचून राहिल्या. ज्याने नियम लिहिला त्याला उजेडाशी काही वैर नव्हतं. त्याला बाहेरून मोजता येणारी एक गोष्ट हवी होती. गारव्याचं नेमकं उलट आहे. तो रस्त्यावरून दिसत नाही. आत येऊन बसल्याशिवाय कळत नाही.

आता तोच शब्द दुसऱ्या कागदावर बघा. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. २०१६ पासून सुरू. कुटुंब पात्र ठरतं ते बेघर असेल तर, किंवा घराच्या भिंती कच्च्या, छप्पर कच्चं आणि खोल्या दोनपर्यंत असतील तर. इथे ‘मातीचं’ हा शब्द तुम्हाला रांगेत उभं करतो. मिळणारं घर निदान २५ चौरस मीटरचं आणि पक्कं. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ, दुर्गम आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. योजनेच्या कागदांवर स्थानिक साहित्याला बंदी नाही. गावागावाच्या हवामानाला शोभतील असे नमुने शासनाने तयार करवून घेतलेलेसुद्धा आहेत. पण हप्ता सुटायचा तो जोत्याचा फोटो, लिंटेलचा फोटो, छपराचा फोटो ॲपवर चढल्यावर. आणि गावातल्या मिस्त्रीला, अभियंत्याला आणि लाभार्थ्याला, तिघांनाही ज्याबद्दल शंका नसते असं छप्पर एकच. त्यामुळे भामरागडपासून ब्रह्मपुरीपर्यंत घरकुल एकसारखं दिसतं. मी याचा दोष ॲपला देत नाही. ॲप फोटो मागतं, आणि फोटोतही गारवा येत नाही.

तिसरा कागद पुराचा. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की गाव तुटतं. हे जवळजवळ दर पावसाळ्याचं आहे. घर पडलं तर मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनी मिळते. २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार घर पूर्ण पडलं तर, कच्चं असो की पक्कं, सपाट भागात १ लाख २० हजार. अंशतः पडलं तर पक्क्याला ६,५००, कच्च्याला ४,०००. आणि झोपडी असेल तर ८,०००. पूर्ण गेली तरी ८,०००. झोपडी म्हणजे काय तर कच्च्या घरापेक्षाही हलकं, गवत, माती, प्लास्टिक वगैरेंचं, आणि जिल्ह्याचे अधिकारी ज्याला झोपडी म्हणून ओळखतात ते. राज्य सरकार कधी यात भर घालतं, तो भाग वेगळा.

पुन्हा वर जाऊन घरपट्टीची सगळ्यात खालची पायरी वाचा. तिथे ‘झोपडी’ आणि ‘मातीची इमारत’ एकाच ओळीत आहेत. कर घेताना त्यांच्यात फरक करायची गरजच नव्हती, दोघांनाही कमीच घ्यायचं होतं. मदत देताना मात्र त्या दोन शब्दांमध्ये १ लाख १२ हजार रुपये आहेत. या दोन तक्त्यांचा कायद्याने एकमेकांशी संबंध नाही, पंचनामा वेगळा होतो. पण पाणी ओसरल्यावर जिथे भिंत होती तिथे चिखल उरलेला असतो. तो चिखल कालपर्यंत दोन फुटी भिंतींचं, तीन खोल्यांचं घर होता हे सिद्ध करायला माणसाच्या हातात जो कागद असतो, त्याच्यावर ती एकच ओळ असते.

माझा मुद्दा हा आहे. स्वस्तात सोडून देणं ही नेहमीच मेहेरबानी नसते. एखाद्या वस्तूवर कर कमी लावणं म्हणजे तिची किंमत कमी आहे असं लिहून ठेवणं, आणि असं लिहिलेलं पुढे कुणीतरी वाचतं. बँक वाचते. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे नोंदवही वाचत नाहीत, पण त्यांच्याही डोक्यात तोच तक्ता असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला मुंबई आहे. १ जानेवारी २०२२ पासून तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. लहान घराला सवलत द्यावी हे तत्त्व मला मान्य आहे. लहान घराला सिमेंट कमी लागतं, वीज कमी लागते, जमीन कमी लागते. पण दादरचं ४९० चौरस फुटांचं घर करमुक्त आणि मामांच्या गावचं २६९ चौरस फुटांचं घरकुल करपात्र, हे जुळवायला मला कुठलंच तत्त्व सापडत नाही. सापडतं ते एवढंच की मुंबई महापालिकेला परवडलं. मामांच्या ग्रामपंचायतीला नळयोजनेचं वीजबिल भरायचं असतं. आणि घरपट्टी मागणी होऊन तीन महिन्यांत भरली नाही तर त्या माणसाला ग्रामपंचायतीचा सदस्य राहता येत नाही, हेही तिच्याच कायद्यात आहे. इतका लहान कर, पण त्याला नागरिकत्व टांगलेलं आहे.

शिवाय दादरच्या घराची किंमत जमिनीची असते. ती जमीन महाग झाली त्यात घरमालकाचं कर्तृत्व काहीच नाही. रेल्वे आली, ऑफिसं आली, शेजार वाढला. मामांच्या घराच्या मूल्यात वरच्या कल्पित हिशोबाने जमीन तीन टक्के आणि बांधकाम सत्त्याण्णव. हेन्री जॉर्ज नावाचा अमेरिकन १८७९ मध्ये लिहून गेला की कर जमिनीच्या किमतीवर घ्या, माणसाने स्वतःच्या कष्टाने त्यावर जे उभं केलं त्यावर नको. कारण पहिली किंमत समाजाने निर्माण केलेली असते. आमच्या गावाचं सूत्र नकळत बरोबर उलटं चालतं. भिंत सुधारली की कर वाढला. एखाद्याने मातीच्या विटा चुन्यात रचल्या, चुन्याचा गिलावा केला, छपराखाली बांबूची ताटी लावली, म्हणजे घर टिकाऊही केलं आणि थंडही ठेवलं, तर ‘चुना किंवा सिमेंट’ या शब्दांमुळे तो सिमेंटवाल्याच्या ओळीत बसतो. नाहीतर बसतच नाही, आणि मग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

ज्या घरांच्या मातीबद्दल कुणी शंका घेणार नाही असं एक घर विदर्भातच आहे. सेवाग्रामची बापूकुटी. माती, बांबू, कवेलू. तिच्या मूळ कल्पनेतून पुढे वर्ध्यात बरंच काम झालं. देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने गावच्या मातीतून टिकाऊ घरं बांधण्याच्या पद्धती शोधल्या आणि शिकवल्या. म्हणजे ज्ञान नाही असं नाही, तेही वर्ध्याहून आणायचं आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथल्या बांबूच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागली. आमच्याकडचे लोक अजून तो दाखला देतात: ‘बांबूचं शेवटी असंच.’ स्लॅबच्या घराला आग लागते तेव्हा ‘सिमेंटचं शेवटी असंच’ कुणी म्हणत नाही, हा माझा एक जाता जाता त्रागा.

बांबूचीही एक गंमत आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकायचा वाहतूक परवाना स्वतःच्या ग्रामसभेकडे घेतला. बांबू म्हणजे झाड की गवत, यावर दिल्लीपर्यंत भांडण झालं होतं. एका शब्दावर. गौण वनोपज मानला गेला म्हणून तो गावाचा झाला. त्या गावाने शब्दाची किंमत नीट ओळखली होती असं मला वाटतं.

मग काय करावं? शहरांनी शोधलेला उपाय म्हणजे सवलत. पुण्यात सौर वॉटर हीटर, पावसाचं पाणी साठवणं, कचऱ्याचं खत यांपैकी एक केलं तर मालमत्ता करात ५ टक्के सूट, दोन किंवा जास्त केलं तर १० टक्के. पिंपरी-चिंचवडने हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना सूट दिली. चांगलंच आहे. पण या सवलतीला पावती लागते. काहीतरी विकत घ्यावं लागतं, बसवावं लागतं, प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ज्या घरात गिझरच नाही त्याने सौर गिझर बसवून काय वाचवायचं? ज्या घरात कूलर लागतच नाही, त्याच्या न लागलेल्या कूलरचं बिल कुठे दाखवायचं? वीज वाचवणारं यंत्र घेतलं तर सूट आणि वीज लागूच नये असं घर बांधलं तर ते ‘झोपडी किंवा मातीची इमारत’. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात विचित्र कोडं वाटतं. न वापरलेल्या गोष्टीचा कागद होत नाही.

आणि न वापरलेल्या विजेचा अर्थ चंद्रपुरात फार जवळून कळतो. शहराच्या कडेला २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक. भोवती कोळशाच्या खाणी. मी त्या धुरकट आकाशाखालीच लहानाचा मोठा झालो. पुण्यातल्या माझ्या ऑफिसचा एसी चालतो त्यात ऊर्जानगरच्या चिमण्यांचा वाटा असणारच. स्लॅब टाकून कूलर लावणाऱ्या मामींना मी कुठल्या तोंडाने उपदेश करू? म्हणून मी करत नाही. मला एवढंच दिसतं की गरम घराची किंमत कुठल्याच तक्त्यात नाही, ती घुग्घुस आणि दुर्गापूरच्या फुप्फुसांत आहे. आणि थंड घराची किंमतही नाही.

माझं मत मात्र थोडं उलटं झालंय. मातीच्या चांगल्या घराला आणखी सूट मागू नये. उलट ते घर वरच्या पायरीवर घ्या म्हणावं. भिंत कशाची आहे हे विचारण्याऐवजी घर टिकतं का, गळतं का, त्यात राहता येतं का, हे विचारा आणि त्यावर पायरी ठरवा. मातीचं असूनही जे पक्कं आहे त्याला पक्कं म्हणा, पक्क्याचा कर घ्या, पक्क्याची भरपाई द्या, पक्क्याचं कर्ज द्या. आणि जो खरंच गरीब आहे त्याला त्याच्या गरिबीमुळे सूट द्या, त्याच्या भिंतीमुळे नको. असं केलं तर मुळशीच्या फार्महाऊसवर हौसेनं मातीचं घर बांधणारा माणूसही गरिबाच्या ओळीत शिरणार नाही.

हे मी दिवाळीत मामीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पन्नासचे पाचशे भरून मान घेऊ? मान का चुलीवर शिजते गा?”

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं आहे. मान शिजत नाही हे खरं. पण पुरात घर गेल्यावर ८,००० की १ लाख २० हजार हा प्रश्न मानाचा नाही, शिजण्याचाच आहे. पन्नासचे पाचशे होणं ज्याला खरोखर जड आहे त्याच्यासाठी ग्रामपंचायतीकडे किमान आणि कमाल यांच्यामधली जागा आहे. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने पूर्ण कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं. करातून काय परत द्यायचं ते गाव ठरवू शकतं, याचा तो नमुना. घराचे प्रकार कोणते आणि त्यांना नावं काय द्यायची, हे मात्र गावाच्या हातात नाही. ते मुंबईत ठरतं. बांबूला झाड म्हणायचं की गवत, तेही कधीकाळी दूरच ठरत होतं.

मामांचं घरकुल दोन वर्षांपूर्वी झालं. रस्त्याच्या बाजूला, स्लॅबचं, निळ्या रंगाचं, वर योजनेचं नाव. मागचं जुनं घर त्यांनी पाडलं नाही. वानरांनी नासवलेले कवेलू काढून पुढच्या भागावर टिन टाकलं, मधल्या खोलीवर मात्र कवेलूच राहू दिले, खाली बांबूची ताटी आणि त्यावर मातीचा थर. सारवण आता मामीच्या सोयीने, महिन्यातून एकदा. धान त्याच खोलीत, आणि उन्हाळ्यात दुपारी सगळं घरही त्याच खोलीत. पुढच्या खोलीत तेव्हा फक्त टीव्ही असतो. नमुना आठमध्ये पुढची नोंद आरसीसी, राहते घर अशी आहे आणि मागची गोठा अशी. गेल्या वर्षीपर्यंत मामांनाही ते ठीक वाटत होतं, गोठा तर गोठा. आता पुढच्या आकारणीची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली की हरकतीचा अर्ज द्यायचा, असं त्यांच्या मनात आहे. अर्ज मी लिहून द्यायचा आहे. ‘गोठा’ खोडून तिथे काय लिहा म्हणावं, यावर मामा-मामींचं अजून जमलेलं नाही.